आधी राखण, मग संशोधन : वेळास–गुहागरच्या कासवांचं प्रकरण

कोकणच्या पुळणीवर कासवं अंडी घालायला येतात, हे किनाऱ्यालगतच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. थंडी पडली की पहाटे वाळूत माग दिसतो, मागाच्या टोकाला अंडी असतात, ती काढून खाता येतात किंवा विकता येतात, इतकी ही माहिती रोजच्या व्यवहारातली होती. अभ्यासकांच्या दप्तरात मात्र महाराष्ट्राच्या ७२० किलोमीटर किनाऱ्यावरच्या कासवांबद्दल फार थोडं लिहिलेलं होतं. सागरी कासव म्हटलं की सगळ्यांची नजर ओडिशाकडे जायची. गहिरमाथा आणि ऋषिकुल्येच्या मुखाशी लाखोंनी माद्या वाळूवर चढतात. त्यापुढे कोकणात एखाद्या रात्री एक-दोन माद्या येऊन जातात, याची दखल कोण घेणार?

ही उणीव भरून निघाली, पण ती संशोधकांच्या मोहिमेने नाही. आधी एक गाव राखणीला उभं राहिलं, मग बाहेरची माणसं बघायला येऊ लागली, आणि उपग्रहाचे टॅग घेऊन शास्त्रज्ञ आले ते जवळजवळ वीस वर्षांनंतर. सरकारी किंवा विद्यापीठीय प्रकल्पांमध्ये हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. अभ्यास होतो, अहवाल होतो, आणि पैसे व वेळ उरला तर शेवटी 'जनजागृती' होते. वेळासच्या प्रकरणावरून माझं ठाम मत झालं आहे की किनाऱ्यावरच्या माणसांशी नातं जोडणं हा सागरी संशोधनाचा पहिला टप्पा आहे, आणि तो वगळला तर पुढचे टप्पे हवेत राहतात.

टरफलांपासून हॅचरीपर्यंत

२००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे कार्यकर्ते पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी शोधत किनाऱ्याने फिरत होते. मंडणगड तालुक्यातलं वेळास हे त्या वाटेवरचं गाव. नाना फडणविसांचं हे मूळ गाव. शेजारी बाणकोट, आणि सावित्रीच्या मुखापलीकडे हरिहरेश्वर. इथल्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं पडलेली दिसली. चौकशी केल्यावर चित्र स्पष्ट झालं. घरटी दरवर्षी होतात, आणि त्यातली बहुतेक माणसं नाहीतर कुत्री-कोल्हे उकरतात.

ही अंडी ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाला जागा आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. कायद्याचा बडगा दाखवून दोन-चार जणांवर गुन्हे नोंदवणं शक्य होतं. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसं केलं नाही. ते गावात बसले, बोलले, आणि ज्यांना किनाऱ्याची खडान्‌खडा माहिती होती अशा गावातल्याच माणसांना राखणीच्या कामात घेतलं. त्यांनाच पुढे 'कासवमित्र' म्हणू लागले. पहिल्याच हंगामात पन्नासच्या आसपास घरटी वाचली आणि अडीच हजारांहून अधिक पिल्लं समुद्रात गेली.

कासवमित्राचं काम बाहेरून सोपं दिसतं. प्रत्यक्षात ते रात्रीच्या जागरणाचं आणि हाताच्या हळुवारपणाचं काम आहे. नोव्हेंबर ते मार्च या हंगामात पहाटे, आणि बऱ्याचदा रात्रीही, अख्खी पुळण चालायची. मादी समुद्रातून सरपटत वर येते आणि परत जाते, त्यामुळे मागाच्या दोन रांगा दिसतात. त्या जिथे मिळतात तिथली वाळू विस्कटलेली असते. पण घरटं नेमकं कुठे आहे हे लपवण्यासाठी मादीने अंग घुसळून आजूबाजूची वाळूही उडवलेली असते. मग काठी हलकेच दाबत जायचं. जिथे वाळू भुसभुशीत लागते तिथे काठी बाजूला ठेवून हाताने उकरायचं. साधारण दीड फुटावर, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद अशा खड्ड्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, मऊ सालीची.

खरी कसोटी यानंतर आहे. अंडी घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ अंड्याच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं की गर्भ दगावतो. म्हणून घरटं लवकर सापडलं पाहिजे, आणि प्रत्येक अंडं जसं होतं तसंच, वरची बाजू वर ठेवून, बादलीत वाळूच्या थरावर ठेवायला हवं. भरतीच्या रेषेपासून वर कुंपण घातलेल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या राखीव जागेत, त्याच खोलीचा, त्याच घडणीचा खड्डा खणायचा, अंडी त्यात ठेवायची, मूळ घरट्यातली ओलसर वाळू वर घालायची, आणि तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी रोवायची. पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांनी, उन्हाच्या मानाने थोडं पुढेमागे, पिल्लं वर येतात.

ती पाटी मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची वस्तू वाटते. तारीख, अंडी, निघालेली पिल्लं, न उबलेली अंडी, अशी नोंद वर्षानुवर्षं होत गेली. त्या नोंदी ठेवणाऱ्यांच्या मनात शोधनिबंध नव्हता, पण कोकणातली कासवं कधी येतात, कुठे येतात आणि किती अंडी घालतात याचा पहिला भरवशाचा आधार त्यातूनच तयार झाला.

महोत्सव, आणि त्याच्यातला पेच

२००६ साली वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात सोडताना लोकांनी बघावं, एवढीच कल्पना होती. गावात हॉटेल नव्हतं, त्यामुळे पाहुणे घरांतच उतरले. घरचं जेवण, ओटीवर किंवा माजघरात झोपायची सोय, आणि सकाळ-संध्याकाळ पुळणीवर जायचं. मुंबई-पुण्याची माणसं पहाटे उठून रांगेत दोरीमागे उभी राहतात, हातात मोबाइल, पण फ्लॅश बंद, आणि गावातला एखादा पोरगा त्यांना सांगतो की पिल्लांना उचलून पाण्यात टाकायचं नसतं, त्यांना स्वतःच चालत जाऊ द्यायचं असतं. ज्या वाळूवरून ती चालत गेली तिथल्याच परिसरात माद्या वयात आल्यावर अंडी घालायला परततात. ही ओळख त्या पहिल्या प्रवासाच्या सुमारास पक्की होते असं मानलं जातं, आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा त्यात वाटा असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. पाचवीतल्या मुलालाही पटावं इतक्या सोप्या भाषेत हे सांगणारी माणसं वेळासने तयार केली. विज्ञान लोकांपर्यंत नेणं म्हणतात ते हेच.

या महोत्सवाने गावाचा हिशेब बदलला. घरट्यातली अंडी एकदाच विकता येतात. त्याच घरट्याची राखण केली तर दरवर्षी पाहुणे येतात. हे गावाला उमगल्यावर राखणीसाठी वेगळं प्रबोधन फारसं करावं लागलं नाही. नंतर आंजर्ले, केळशी, गुहागर अशा ठिकाणीही हॅचऱ्या आणि महोत्सव उभे राहिले. वनविभाग आणि त्याचा कांदळवन कक्ष या कामात पूर्णपणे उतरला, कासवमित्रांना मानधन सुरू झालं.

पण इथे एक पेच आहे, आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही. पिल्लं निसर्गतः बहुधा रात्री, वाळू थंड झाल्यावर वर येतात. बाहेर आल्या आल्या त्यांच्यात प्रचंड धावपळ असते. पोटात उरलेल्या पिवळ्या बलकाच्या जोरावर ती न थांबता किनाऱ्यापासून दूर पोहत जातात. ही ताकद मोजकी असते. हॅचरीत घरट्यावर झाकलेल्या टोपलीखाली तासन्‌तास अडकून राहिली तर त्यातली बरीचशी तिथेच खर्च होते. पाहुण्यांसाठी सकाळची आणि संध्याकाळची वेळ ठरली की मध्यरात्री आलेल्या पिल्लाचं काय करायचं? शिवाय उजेडात कावळे आणि घारी टपलेल्या असतात. माझ्या मते नियम असा हवा, की पिल्लं वर आली की शक्य तितक्या लवकर सुटली पाहिजेत, आणि सकाळी पाहुण्यांना दिसतील ती पहाटेच्या सुमारास निघालेलीच. एखाद्या सकाळी एकही दिसणार नाही. दोनशे किलोमीटर गाडी चालवत आलेल्या कुटुंबाला हे सांगणं कठीण जातं, पण सांगायलाच हवं. ज्या गावांत कासवमित्र 'आज पिल्लं नाहीत, उद्या कदाचित' असं स्पष्ट सांगतात आणि त्या वेळेत हॅचरीच्या पाट्यांवरून पूर्ण हंगाम समजावून देतात, तिथला पाहुणा अधिक शिकून परततो.

दुसरा प्रश्न उन्हाचा. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही निघतात. त्याहून वाळू तापली तर माद्यांचं प्रमाण वाढतं, आणखी तापली तर अंडीच मरतात. हॅचरीत सगळी घरटी एकाच उघड्या तुकड्यावर असतात. उशिरा घातलेली अंडी मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडतात. शेडनेट घालून सावली करता येते, पण किती सावली, कोणत्या आठवड्यापासून, हे अंदाजाने ठरवून चालत नाही. मूळ घरटं सुरक्षित जागी असेल तर ते हलवूच नये असं अनेक अभ्यासक म्हणतात, आणि राखणीची माणसं पुरेशी असतील तर तेच बरं. कोकणात मोकाट कुत्री आणि भरतीचं पाणी यांच्यामुळे ते सगळीकडे जमत नाही.

पाठीवर टॅग

२५ जानेवारी २०२२ रोजी वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून परत निघालेल्या मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला गेला. कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनचं भारतीय वन्यजीव संस्थान यांचा हा प्रकल्प; शास्त्रज्ञ डॉ. आर. सुरेश कुमार त्याचे प्रमुख. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेचा असा माग पहिल्यांदाच घेतला जात होता. कवच घासून-पुसून कोरडं करायचं, त्यावर इपॉक्सी या घट्ट गोंदाने यंत्र चिकटवायचं, ते घट्ट होईपर्यंत मादीला थांबवून ठेवायचं आणि मग सोडायचं. ती श्वास घ्यायला पाण्यावर आली की यंत्राचा अँटेना हवेत येतो आणि उपग्रहाकडे संदेश जातो. बुडी मारली की संदेश बंद.

या मादीचं नाव ठेवलं 'प्रथमा'. आंजर्ल्याची 'सावनी'. पाठोपाठ गुहागरला 'वनश्री', 'रेवा' आणि 'लक्ष्मी'. नावं ठेवण्याला काही अभ्यासक नाकं मुरडतात. आकड्याने काम भागतं, भावनिक गुंतवणूक कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. वर्तमानपत्रात 'प्रथमा गुजरातकडे निघाली' अशी बातमी आली की वेळासची माणसं ती वाचून दाखवायची. रात्र-रात्र जागून ज्यांनी मादी शोधली, त्यांना तिचा पुढचा प्रवास कळण्याचा पहिला हक्क आहे, आणि नावामुळे तो प्रवास त्यांच्या बोलण्यात राहिला.

लक्ष्मीचे संदेश थोड्याच आठवड्यांत थांबले. कासव मेलं, अशी कुजबुज झाली. वास्तविक संदेश थांबण्याची कारणं बरीच असतात: चिकटवलेलं यंत्र निखळतं, अँटेना मोडतो, बॅटरी दगा देते, कवचावर शेवाळ आणि शंख-शिंपले चढतात, किंवा खरोखरच कासव मरतं. यांतलं नेमकं काय झालं हे किनाऱ्यावरून सांगता येत नाही. ही अनिश्चितता लोकांना नीट समजावली गेली तर पुढच्या वेळी अफवा उठत नाही. यशाच्या बातम्या देणारी यंत्रणा अशा वेळी गप्प राहते, हे या प्रकल्पातच नाही तर सगळीकडेच दिसतं.

फेब्रुवारी २०२३मध्ये गुहागरला 'बागेश्री' आणि 'गुहा' यांना टॅग लावले. बागेश्रीने सगळ्यांना चकित केलं. ती दक्षिणेकडे जात राहिली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. पश्चिम किनाऱ्याची कासवं अरबी समुद्रात आणि पूर्व किनाऱ्याची बंगालच्या उपसागरात, अशी जी सोयीची विभागणी मनात होती, तिला पहिला तडा गेला.

०३२३३

दुसरा तडा उलट दिशेने आला. जानेवारी २०२५च्या शेवटच्या आठवड्यात गुहागरच्या पुळणीवर रात्री एक मादी अंडी घालताना सापडली. तिच्या पुढच्या परावर, म्हणजे वल्ह्यासारख्या पायावर, धातूचा छोटा टॅग होता, त्यावर आकडा ०३२३३. तो मार्च २०२१मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने लावलेला होता. डॉ. बासुदेव त्रिपाठी यांच्या नेतृत्वाखाली तिथे हजारो माद्यांना असे टॅग लावण्यात आले होते. गहिरमाथा ते गुहागर हे समुद्रमार्गाचं अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात जातं. तिने सुमारे १२० अंडी घातली, ती हॅचरीत ठेवली गेली आणि त्यांतून शंभराहून अधिक पिल्लं निघाली.

पूर्व किनाऱ्यावर अंडी घालणारी मादी पश्चिम किनाऱ्यावरही अंडी घालते, याचा हा पहिला थेट पुरावा. त्याचा अर्थ लावताना मात्र सावध राहायला हवं. धातूच्या टॅगमधून फक्त दोन बिंदू मिळतात: कुठे लावला आणि कुठे दिसला. मधली चार वर्षं ती कुठे होती, श्रीलंकेच्या बाहेरून आली की पाल्कच्या सामुद्रधुनीतून, मधल्या हंगामांत तिने आणखी कुठे घरटी केली, यातलं काहीच त्या पत्र्यावर लिहिलेलं नसतं. एका मादीवरून दोन्ही किनाऱ्यांची कासवं एकच आहेत असं म्हणता येणार नाही. त्यासाठी जनुकीय तपासणी लागेल.

हा शोध लागला कसा, ते मात्र बारकाईने पाहण्यासारखं आहे. मादी वाळूवर फार तर तास-दीड तास असते. त्या वेळात कुणीतरी तिथे असलं पाहिजे, त्याच्या हातात विजेरी असली पाहिजे, पर निरखून बघायची सवय त्याला असली पाहिजे, आकडा बिनचूक वाचून कुणाला कळवायचा हे ठाऊक असलं पाहिजे. ओडिशात टॅग लावणाऱ्यांनी मोठं काम केलं होतं, पण गुहागरच्या किनाऱ्यावर रात्रीची गस्त नसती तर तो आकडा तसाच समुद्रात परत गेला असता. २००२ साली वेळासला जे सुरू झालं त्याचा संशोधनाशी थेट संबंध हा असा आहे. महागडं यंत्र नंतरही विकत घेता येतं. रात्री पुळणीवर चालणारी, कासवाबद्दल आस्था असलेली माणसं निविदा काढून मिळत नाहीत.

अलीकडच्या वर्षांत कोकणात घरट्यांची संख्या वाढल्याच्या बातम्या येतात, आणि गुहागर तर वेळासच्याही पुढे गेलं आहे. आनंद आहेच. पण वाढीचा एक भाग असाही असू शकतो की आता जास्त किनाऱ्यांवर जास्त डोळे आहेत. किती किलोमीटर, किती रात्री गस्त झाली, ही नोंद घरट्यांच्या आकड्यासोबत दिल्याशिवाय तो आकडा एका वर्षाचा दुसऱ्या वर्षाशी जोडून दाखवू नये.

जाळ्यांपाशी अडलेलं

हे प्रकरण जिथे अपुरं आहे ती जागा समुद्रात आहे. मोठी कासवं मरतात ती बहुतेक जाळ्यांत गुदमरून. कासवाला श्वासाला वर यावं लागतं; ट्रॉलरच्या जाळ्यात ते अडकलं आणि जाळं वेळेवर वर आलं नाही की संपलं. पावसाळ्यात किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या मेलेल्या आणि जखमी कासवांच्या अंगावर जाळ्याच्या खुणा दिसतात.

महोत्सवाचा पैसा मिळतो तो ज्यांच्याकडे पाहुणे उतरवायला घर आहे त्यांना. कासव जाळ्यात सापडलं की नुकसान होतं ते नाखव्याचं. जाळं कापून कासव सोडायचं म्हणजे हजारोंचं नुकसान आणि त्या दिवसाची मासळी गेली. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०१८मध्ये यावर चांगला उपाय काढला: संरक्षित सागरी प्राण्याला सोडण्यासाठी जाळं कापलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. त्यासाठी प्राण्याला सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ द्यावे लागतात. योजनेमुळे मच्छीमार स्वतःहून सुटकेची माहिती देऊ लागले, आणि कोणता प्राणी कोणत्या पाण्यात, कोणत्या महिन्यात सापडतो याची नोंद आपोआप तयार झाली. इथेही क्रम तोच: आधी विश्वास, मग माहिती.

कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात कासवाला बाहेर पडायला झडप असलेलं उपकरण, ज्याला 'टेड' म्हणतात, ते मात्र अजून रुजलेलं नाही. ते नाही म्हणून २०१९पासून अमेरिकेने भारतातली समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं आहे. मासळीही त्याच झडपेतून निसटते, ही तक्रार खलाशी करतात, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावर त्यांच्याच होडीवर, त्यांच्याच जाळ्याला लावून, किती मासळी गेली आणि किती राहिली हे त्यांच्या डोळ्यांदेखत मोजून दाखवावं लागेल. वेळासला जो वेळ गावात बसून घालवला गेला, तोच इथे बंदरात घालवावा लागेल.

पुढच्या हंगामासाठी करता येण्याजोगी कामं फार खर्चाची नाहीत. प्रत्येक हॅचरीत, आणि हॅचरीबाहेर मूळ जागी ठेवलेल्या काही घरट्यांत, तापमान नोंदवणारी यंत्रं पुरावीत. ती वाचायचं शिक्षण कासवमित्रांना द्यावं. टॅग लावलेल्या माद्यांचे नकाशे आणि घरट्यांचे आकडे मराठीत, हॅचरीच्या कुंपणावर, दर पंधरवड्याला लावावेत. कासवमित्रांचं मानधन हंगाम संपल्यावरही चालू ठेवून पावसाळ्यात वाहून येणाऱ्या कासवांची नोंद त्यांच्याकडे द्यावी. आणि या नोंदींवर शोधनिबंध लिहिले जातील तेव्हा त्यांची नावं आभारात नव्हे, लेखकांच्या यादीत असावीत.